अगंज पोलादाचा पत्रा

किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाचा लाटून काढलेला पत्रा; बाजारातील नाव ‘एसएसचा पत्रा’. शहापूर तालुक्यात वासिंद येथे जिंदाल समूहाने १९८२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यामुळे पत्र्याचा धंदा या भागाला परिचित आहे. मात्र तिथला जस्ताचा मुलामा दिलेला व रंगीत पत्रा वेगळा. त्यात जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. अगंज पोलादात क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि ओरखडा गेला तरी तो पुन्हा आपोआप धरतो.

नेहमीच्या वापरातील ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेत टिकते. शहापूर-मुरबाडला पाऊस धुवाधार, पण समुद्र दूर. त्यामुळे शेड, पन्हळी, टाक्या यांना ३०४ पुरते. २०० मालिकेत निकेलची जागा बरीचशी मँगनीज घेते. ती स्वस्त पडते, म्हणून भांड्यांत खपते. दमट जागी मात्र तिच्यावर लवकर डाग पडतात.

वाकवताना हा पत्रा थोडा मागे उसळतो व ताणला की कठीण होतो, म्हणून बेंडिंग मशीनवर कोन थोडा जास्त द्यावा लागतो. उष्णतावहन ॲल्युमिनियमच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने वेल्डिंगची उष्णता एकाच जागी साठते आणि १८ गेजचा (सुमारे १.२ मिमी) पत्राही लाटेसारखा वाकतो. दुग्धव्यवसायाची उपकरणे, औषधांच्या टाक्या, हॉटेलांचे ओटे आणि कसारा मार्गाने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांच्या एलएचबी डब्यांची कवचे यांत तो वापरतात.

‘स्टील असून गंजले’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा कारागिरीत सापडते. एकाच ओट्यावर साधे लोखंड ग्राइंडरने घासले की त्याच्या ठिणग्या शेजारच्या एसएसवर चिकटतात. पहिल्याच पावसात तिथे तपकिरी ठिपके उमटतात. तो गंज लोखंडाच्या कणांचा असतो, पण वेळीच साफ केला नाही तर खालच्या थरालाही बाधतो. वेल्डजवळचा निळसर-काळा पट्टा तसाच ठेवला तरी तेच होते. तो आम्लाच्या लेपाने काढून पाण्याने नीट धुवावा लागतो. एसएससाठी चाके, ब्रश व जागा वेगळी ठेवणे हा खर्च नव्हे, कामाचाच भाग मानावा.

चुंबक लावून प्रत ओळखण्याची रीत भरवशाची नाही. ४३० ही अगंज प्रत चुंबकाला चिकटते, तर हलकी २०२ चिकटत नाही. गिऱ्हाइकाने बिलावर प्रत लिहून घ्यावी आणि गिरणीचा चाचणी दाखला मागावा. पत्र्याच्या प्रतींसाठी भारतीय मानक आयएस ६९११ आहे, भांड्यांच्या पत्र्यासाठी आयएस ५५२२.