समझोता कुणाच्या पाठीवर?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. का झालं, असं विचारलं तर गाईडात उत्तर तयार असतं: उत्तर व दक्षिण या दोन विभागांतील आर्थिक आणि प्रादेशिक मतभेद. लिहा आणि पास व्हा.

दोस्तहो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गावात आपल्या माणसाला झोडपलं की दुसऱ्या दिवशी छापून येतं, दोन गटांत वाद. मारणारा एक गट, मार खाणारा दुसरा गट. शब्दानंच अर्धा गुन्हा धुऊन निघतो. म्हणून हा 'मतभेद' उकलून बघायचा. मी हिंगणघाटला सूतगिरणीत काम करतो. कापसाच्या गाठी फोडणं माझं रोजचंच आहे, आणि ही गाठही कापसाचीच आहे.

माणसं समान जन्मतात असा जाहीरनामा या देशानं १७७६ साली काढला. १७८७ साली राज्यघटना लिहिली. तिच्यात 'गुलाम' हा शब्द कुठंच नाही. शब्द टाळला, गुलाम ठेवले. दक्षिणेच्या मालकांचं म्हणणं होतं, लोकसंख्या मोजताना आमचे गुलामही मोजा, म्हणजे आम्हाला कायदेमंडळात जागा जास्त मिळतील. गुलामांना मत द्यायचं नव्हतं, फक्त त्यांची डोकी मोजायची होती. घासाघीस झाली आणि ठरलं, पाच गुलाम बरोबर तीन माणसं. हा पहिला समझोता. टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोरे पुरुष बसले होते. ज्यांची मोजणी चालली होती ते शेतात राबत होते.

तेव्हा पुष्कळांना वाटत होतं की गुलामी आपोआप मरेल. उत्तरेकडच्या राज्यांनी ती एकेक करून बंद करायला सुरुवातही केली होती. मग १७९३ साली एली व्हिटनेनं सरकी काढायचं यंत्र केलं. आपल्याकडे रेचा म्हणतात तोच प्रकार, जास्त ताकदीचा. हातानं सरकी काढताना दिवसभर खपून जेमतेम पौंडभर रुई निघायची, ती आता पन्नास पौंड निघू लागली. यंत्र आलं म्हणजे मजुराचं ओझं कमी झालं असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. सरकी यंत्र काढी, पण बोंडं हातानंच वेचावी लागत. जितकी यंत्रं वाढली तितकी पऱ्हाटीची जमीन वाढली, आणि तितके वेचणारे हात लागले. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख होते. १८६० मध्ये जवळपास ४० लाख झाले. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणून देशातल्या देशातच बाजार भरला. व्हर्जिनियातली माय विकायची मिसिसिपीला आणि लेक ठेवायची तिथंच. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा झाला.

उत्तर काही संत नव्हती. लोवेलच्या गिरण्या याच कापसाचं सूत काढत होत्या, न्यूयॉर्कचे व्यापारी याच कापसावर कर्ज देत होते. उत्तरेतही बहुतेक ठिकाणी काळ्या माणसाला मत नव्हतं. भांडण पेटलं ते पश्चिमेच्या नव्या जमिनीवरून. तिथं जी राज्यं होतील त्यांत गुलामी जाणार की नाही? सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा. नवं राज्य ज्याचं, वजन त्याचं. प्रादेशिक मतभेद म्हणतात तो हा.

मग समझोत्यांची माळच लागली. १८२० साली मिसूरी गुलामीचं राज्य, बदल्यात मेन मुक्त राज्य, आणि नकाशावर एक आडवी रेघ: रेघेच्या खाली गुलामी चालेल, वर चालणार नाही. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त, पण बदल्यात पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा. या कायद्याचा हिशोब बघा. पकडलेला माणूस मालकाला परत दिला तर निकाल देणाऱ्या कमिशनरला दहा डॉलर, सोडला तर पाच. आणि पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. न्यायाचा भावच ठरवून टाकला! १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं ती आडवी रेघही पुसली. वसाहतवाल्यांनी मतं घेऊन ठरवावं म्हणाले. लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये उतरले आणि रक्त सांडलं. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही.

आता माझा खरा मुद्दा. इतके समझोते झाले तरी एकही का टिकला नाही? पुढारी कमी पडले, असं पुष्कळ पुस्तकं सांगतात. मला ते पटत नाही. समझोते टिकले नाहीत कारण ज्यांच्या पाठीवर ते लिहिले जात होते ते गप्प पडून राहिले नाहीत. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरनं उठाव केला. १८३८ मध्ये फ्रेडरिक डग्लस पळाला. गुलामाला शिकवणं गुन्हा मानणाऱ्या मुलखात तो चोरून वाचायला शिकला होता, पुढं त्यानं आपली कहाणी स्वतः लिहिली आणि स्वतःचं वर्तमानपत्र चालवलं. १८४९ मध्ये हॅरिएट टबमन पळाली आणि दुसऱ्यांना सोडवायला परत परत दक्षिणेत गेली. पळणारा प्रत्येक माणूस उत्तरेच्या दारात प्रश्न होऊन उभा राहत होता: मला धरून देता की लपवता? रेघ नकाशावर होती तोवर उत्तरेला झोप लागत होती. माणूस दारात आला तेव्हा बाजू घ्यावी लागली. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन हा गोरा माणूस गुलामांना शस्त्रं मिळवून देण्यासाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेला आणि फासावर चढला.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. गुलामी आहे तिथून काढीन, असं तो म्हणतही नव्हता. नव्या जमिनीत पसरू देणार नाही, एवढंच म्हणत होता. तेवढंही मालकांना सोसलं नाही. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटून निघालं, मागोमाग इतर राज्यं, एकूण अकरा. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या.

कुणी सांगेल, दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली. त्याला विचारा, कसले हक्क? १८५० च्या कायद्यानं उत्तरेच्या राज्यांच्या हक्कांवर केंद्र सरकार चढवलं तेव्हा दक्षिण खूश होती. फुटताना साउथ कॅरोलिनानं जे जाहीर केलं त्यात तक्रार हीच की उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत. फुटलेल्या राज्यांचा उपाध्यक्ष स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये उघड बोलला की काळा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या पायावरच आमचं नवं राज्य उभं आहे. मालक स्वतः कबूल करतात आणि गाईड मात्र 'मतभेद' लिहितं!

यादवी म्हणजे घरातलं भांडण. पण घर कुणाचं? ज्यांनी बांधलं त्यांना घरात जागाच नव्हती. युद्ध पेटल्यावर ते शेतं सोडून लाखोंनी निघाले. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीनं गुलामी गेली. जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली, आणि पुढची शंभर वर्षं अर्धेलीनं, कर्जानं, दोरखंडानं वसूल झाली.

आता हा कापूस आपल्या जिल्ह्यात येतो. विलायतेच्या गिरण्यांना तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून जात होता. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरचे कामगार उपाशी पडले आणि मालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा मोठं होतं. भाव कित्येक पटींनी चढले. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढला गेला. १८६७ मध्ये पुलगाव-वर्ध्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. त्याच दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी बांधून दिली. पैसा दलालाकडे, सावकाराकडे, मालगुजाराकडे गेला. महारवाड्यात काय आलं? वेठबिगार होती ती राहिली. आपले आजे-पणजे हातमागावर जाडंभरडं कापड विणत. आधी त्यांचा कापूस महागला, मग रेल्वेनं विलायती कापड आलं. माग बसले. पोरं गिरणीच्या भोंग्यामागं गेली. तिकडचा गुलाम सुटत होता त्या काळात इकडचा विणकर मजूर होत होता, आणि दोघांच्या मधून एकच धागा जात होता.

हा धागा सगळ्यात आधी जोतिबांनी ओळखला. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं. हे उसनं घेणं नव्हतं, नातं सांगणं होतं.

समझोत्याची गोष्ट आपल्याकडेही आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात मालक आणि पुढारी मागण्यांवर भांडत होते, तेव्हा हा प्रश्न बाबासाहेबांना मुद्दाम मांडावा लागला. एरवी तो कुणाच्या यादीत येता?

म्हणून कार्यकर्त्यांनो, कुणी समझोत्याचा कागद घेऊन आलं की आधी बघा, टेबलाशी कोण बसलंय. दोन मालकांची एकी झाली तर तिला शांतता म्हणतात, बेकी झाली तर यादवी. दोन्हीत आपली पाठ तीच असते. आपण हललो तरच कागद फाटतो.

आपल्या जिल्ह्यात कापूस आजही हातानंच वेचला जातो. वेचणाऱ्या बहुतेक बाया आहेत. कापसाच्या भावावर शेतकरी, व्यापारी, सरकार तिघंही बोलतात. बोलायलाच पाहिजे. पण किलोमागं वेचणीचे पैसे किती, हे ठरवताना त्या बाईला कोण विचारतं? पुढची सभा भावाची भरेल तेव्हा तिला सोबत घेऊन जा, आणि पहिल्यांदा तिला बोलू द्या.

जय भीम!