तळ्यातला मासा मरतो तेव्हा

तळे बांधील त्याने त्या पाण्याखालची जमीन घ्यावी, असे चांद्याच्या हिरशहा राजाने जाहीर केले होते, असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भातील हजारो तळी गोंड राजवटीत व पुढे कोहळ्यांनी, मालगुजारांनी बांधली. पाणी भाताचे, मासा मात्र ढिवरांचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. आज चंद्रपूर व गडचिरोलीत ढिवरांच्या सहकारी संस्था ती ठेक्याने घेतात. एका पहाटे तळ्यावर पांढरी पोटे तरंगू लागली, की त्यांची वर्षाची कमाई गेली.

मग पहिला प्रश्न निघतो : विष कोणी घातले? तो अगदीच निराधार नाही. गेळफळ कुटून पाण्यात टाकावयाचे, ही जंगलातील जुनी रीत. आणि १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात विष घालणे गुन्हा ठरविले. पण ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे तो बहुधा गरीबच असतो. म्हणून आपण आधी माशालाच विचारावे.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रीत विंक्लर ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. वीस अंश उष्णतेला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिसाला साडेसातच. चांद्याचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे! दिवसा शेवाळ प्राणवायू देते, रात्री तेच तो ओढून घेते. उथळ, गढूळ तळ्यात वारा पडला, आभाळ आले, की पहाटे श्वास कोंडतो. आधी मोठे रोहू-कटला जातात. हवेत येऊन श्वास घेणारे मरळ, मांगूर बहुधा तगतात. लहानमोठे सारे एकदम मेले, बेडूकही मेले, तर विषाचा संशय खरा. आणि थंडीत मरळीच्याच अंगावर लाल व्रण दिसले, तर तो १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात आलेला बुरशीजन्य रोग असण्याचा संभव.

पंचनामा करणारे मात्र पुष्कळदा दुपारी पोहोचतात. तोवर उन्हाने शेवाळाचे काम पुन्हा सुरू झालेले असते. बाटलीत भरपूर प्राणवायू सापडतो, आणि गुदमरून मेलेल्या माशांचा दोष कुणा माणसावर जातो. पाणी पहाटेच भरून ठेवावे, मेलेला नव्हे तर मरू घातलेला मासा बर्फात ठेवावा. त्याहूनही बरे म्हणजे मे महिन्यात, ढगाळ निवांत रात्रीनंतर, उजाडण्यापूर्वी तळ्यावर जावे. मासे पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करीत असतील, तर जाळे टाकून विकण्यास किंवा पाणी खळबळविण्यास थोडा अवधी अजून हाती असतो.