लोकमत व सार्वजनिक शिष्टाचार : नांदेड-लातूर (१९१९–३९)

दोन महायुद्धांमधील काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात जाहीर वागण्या-बोलण्याचे जे संकेत रूढ होते आणि त्यांच्या चौकटीत जे लोकमत घडले, त्याविषयीची ही नोंद. तेव्हा नांदेड हा संस्थानातील स्वतंत्र जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात आणि उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला.

पार्श्वभूमी : सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. प्रजेपैकी सुमारे चतुर्थांश लोक मराठी बोलणारे असले, तरी कचेरी, न्यायालय व उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अव्वल तालुकदार, तहसीलदार, अमीन ही अधिकाऱ्यांची पदनामे, फसली सन (महसुली वर्षगणना) आणि हाली नाणे (निजामाचे चलन) रोजच्या व्यवहारात होते. नांदेड मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर होते. लातूरची बाजारपेठ बार्शी लाइट रेल्वेने इंग्रजी मुलखाशी, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘खालशा’शी जोडलेली होती. मालाबरोबर पुण्या-मुंबईच्या बातम्याही या मार्गाने येत.

शिष्टाचार : दरबारी रीत शेरवानी, दस्तार (पगडी) व ‘आदाब अर्ज’ यांची होती. कचेरीत जाणारा मराठी वकीलही ती पाळी आणि गावात परतल्यावर ‘रामराम’ करी. मोहरमच्या सवाऱ्यांत हिंदू आणि हिंदूंच्या सणांत मुसलमान शेजारी भाग घेत. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या दर्ग्यावर दोन्ही समाजांची श्रद्धा होती. हा सलोखा खरा होता. मात्र गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या जातींना आणि वेठबिगारीत राबणाऱ्यांना या सभ्यतेत मानाचे स्थान नव्हते. तीसच्या दशकात अभिवादनातून मत व्यक्त होऊ लागले : आर्य समाजाचे ‘नमस्ते’, विद्यार्थ्यांचे ‘वंदे मातरम्’ आणि दलित चळवळीतील ‘जय भीम’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत ३० डिसेंबर १९३८ रोजी औरंगाबाद जिल्ह्यात मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली. ‘जय भीम’चा प्रसार या परिषदेपासून झाला असे मानले जाते.

निर्बंध व वाटा : राजकीय सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवरील बंधने आणखी आवळली. संस्थानाबाहेरच्या अनेक वृत्तपत्रांना वेळोवेळी प्रवेशबंदी होई. त्यामुळे हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) अशी संस्थानाबाहेर भरवावी लागली. आपल्या राज्याविषयी बोलण्यासाठी प्रजेला परमुलखात जावे लागत होते.

संस्थानात लोकमताने वृत्तपत्राचा व शिक्षणाचा आधार घेतला. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे आणि पुढे मोमिनाबादला (आंबेजोगाई) शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांतून मुक्ती चळवळीचे कार्यकर्ते तयार झाले.

मतांचे ध्रुवीकरण : १९२७ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना स्थापन झाली. तिचे नेते बहादूर यार जंग यांच्या वक्तृत्वामुळे, सत्ता ही मुस्लिम समाजाची आहे हा विचार शहरी मुसलमानांत पसरला. रझाकारांचे (मजलिसच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे) पुढारी म्हणून पुढे ओळखले गेलेले कासिम रझवी लातूरला वकिली करीत. दुसरीकडे उदगीर-लातूर भागात आर्य समाज वाढला. उदगीरचे वकील व आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. धार्मिक स्वातंत्र्यासाठी आर्य समाजाने केलेला १९३९ चा सत्याग्रह ऑगस्टमध्ये थांबला.

महाराष्ट्र परिषद व सत्याग्रह : संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला झाले. परिषदेची भाषा संयमी होती. मागणी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची होती. हेच ध्येय घेऊन पुढे आलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सप्टेंबर १९३८ मध्ये बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये तो स्थगित झाला. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला.

मूल्यमापन : या वीस वर्षांत लोकांनी आधी अर्ज केले, अदब राखली आणि परवानगी मागितली. इतकी नम्र मागणीही राज्यकर्त्यांना सोसवली नाही, तेव्हा संघर्ष अटळ झाला. १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यात उमरीला महाराष्ट्र परिषदेचे पुढचे अधिवेशन भरले. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद मुक्तीचे श्रेय भारताच्या सैनिकी कारवाईइतकेच शाळामास्तर, वकील, विद्यार्थी आणि सत्याग्रही यांनी घडवलेल्या या लोकमतालाही द्यावे लागते. त्याच काळात पडलेली धार्मिक दरी मात्र मुक्तीने भरून निघाली नाही. एकमेकांच्या सणांत वावरणाऱ्या समाजांची राजकीय मते इतकी दूर कशी गेली, हे समजून घेतल्याशिवाय मराठवाड्याचा इतिहास पुरा होत नाही.