पागडी ते डिपॉझिट

शाळेत आपण इतिहास शिकलो तो लढायांचा. पानिपत कधी झाले, खडकी कधी झाली, सगळे पाठ. पण मुंबईतल्या सामान्य माणसाची खरी लढाई दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाशी होते, आणि तिच्यावर धड्याखालचा एक प्रश्नसुद्धा नाही. आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर. तलवारीशी संबंध नाही, जमाखर्चाशी आहे. तेव्हा म्हटले, हे प्रकरण आपणच लिहावे.

आरंभ उंदरापासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत फोफावला. सरकारचे डोळे उघडले व १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. रस्त्यांना हवा मिळाली, माणसे मात्र खोल्या शोधत फिरू लागली. मग ट्रस्टने बी.आय.टी. चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. आंबेडकरांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड इथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तीत आठ माणसे, एक चूल आणि गावाहून चार दिवसांसाठी आलेला एक पाहुणा, जो पुढे इथेच रिटायर व्हायचा.

मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले. बांधकामे थंडावली, भाडी चढली, आणि १९१८ साली भाड्याला आळा घालणारा कायदा आला. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच १९३९ साली पुन्हा एक आला. लढाई युरोपात आणि तह गिरगावात, असा हा प्रकार! पण सगळ्यांचा बाप म्हणजे १९४७ चा कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे', असे त्याने ठरवून टाकले. हा कायदा तात्पुरता होता, बरं का! आमच्या बँकेतल्या तात्पुरत्या पंख्यासारखा तो मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे फिरला.

कायद्याचा हेतू वाईट नव्हता. गिरणी कामगाराला, कारकुनाला कोणी रातोरात रस्त्यावर काढू नये, हे त्याने खरोखर साधले. पण साखर, केरोसीन, पगार, सगळे वाढले आणि भाडे मात्र १९४० साली जिन्यावर बसले ते उठेचना. चाळीस रुपये भाड्यात मालक गिलावा करील की चुना लावील? त्याने दुसरे काम पत्करले. घरे गळू लागली, कोसळू लागली, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळाची सोय झाली आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला.

भाड्याने द्यायला नवे घर बांधण्यात कोणाला अर्थ उरला नाही. आता नव्याने येणाऱ्याने जायचे कुठे? इथे पागडीचा प्रवेश होतो. पुण्याची पगडी डोक्यावर घालतात. मुंबईची पागडी डोक्यावर छप्पर यावे म्हणून मोजतात. कायद्याने ती गुन्हा होती, आणि घेतल्याशिवाय कोणी खोली देत नव्हते. चाळीस रुपये भाड्याची पावती मिळायची, हजारोंच्या पागडीची नाही. हिशेबाच्या माणसाला याहून मोठे दुःख नसते.

मग लोकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली. सरकारने १९७३ मध्ये तीही अडवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत होता तो भाडेकरू ठरला. ज्यांचा फायदा झाला त्यांनी पेढे वाटले. बाकीच्या मालकांनी फ्लॅटला कुलूप लावले.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडी अशी गोठवून ठेवणे आता रास्त नाही. त्यातून १९९९ चा नवा कायदा झाला, आणि ३१ मार्च २००० पासून, म्हणजे आमच्या वर्षअखेरीच्याच दिवशी, तो लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली आणि वर्षाला ४ टक्के वाढ दिली. चाळीस रुपयांवर ती होते १ रुपया ६० पैसे.

आता आजचा ताळेबंद मांडू. समजा, परभणीचा एक मुलगा मुंबईच्या शाखेत लागला. हातात पगार ४०,०००. दूरच्या उपनगरात भाडे १६,०००. डिपॉझिट ६०,०००, दलाली एका महिन्याची १६,०००, पहिले भाडे १६,०००. अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का, डिपॉझिटवरच्या मानीव व्याजासकट सुमारे ४५४ रुपये, नोंदणी १,०००. बेरीज ९३,४५४. म्हणजे पहिली रात्र झोपण्याआधी सव्वादोन पगारांहून जास्त गेले. गादी अजून घ्यायचीच आहे. अकरा महिन्यांनी नवा करार, बहुधा नवा दलाल.

आमच्या काउंटरवर कधी कधी ही दोन्ही टोके एकाच रांगेत उभी असतात. पुढे गिरगावचे आजोबा; भाडे किरकोळ, पण छताला टेकू आणि पावसाळाभर जीव मुठीत. मागे परभणीचा मुलगा; छत पक्के, पण पगाराचे ४० टक्के त्यातच. आजोबा म्हणतात, "बाळा, तुझं बरं आहे, लिफ्ट आहे." मुलगा म्हणतो, "आजोबा, तुमचं भाडं किती?" आकडा ऐकून तो खिडकीचा गज धरतो. दोघांपैकी लबाड कोणीच नाही. जो कायदा एकाला सांभाळायला आला, त्यानेच दुसऱ्याचे घर बांधू दिले नाही.

मुलाला आम्ही इतकेच सांगतो: डिपॉझिट रोख देऊ नकोस, खात्यातून दे. करार नोंदव, ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, मात्र आठवण तुलाच करावी लागेल. आणि सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम आधी साठव. यावर तो विचारतो, "कशातून?"

तेवढ्यात आम्ही पुढचे टोकन पुकारतो.