किसमुरीचे मीठ

दिवाळी अंकात फराळाची वर्णने पुष्कळ येतात. लाडू-करंज्यांच्या त्या पंक्तीत सुक्या जवळ्याची किसमूर आणून बसवली, तर काही वाचक नाक मुरडतील. त्यांनी क्षमा करावी. मी गेली अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकवतो. पण मिठाच्या कराचा इतिहास मला स्वतःला कळला तो या पदार्थामुळे.

किसमूर म्हणजे दक्षिण कोकणातली आणि गोव्यातली सुक्या मासळीची कोशिंबीर. जवळा निवडून तव्यावर कोरडाच खरपूस भाजावा. बारीक चिरलेला कांदा, ओले खोबरे, तिखट आणि भिजवलेले कोकम किंवा चिंचेचा कोळ हाताने कालवून ठेवावा आणि पाने मांडल्यावरच त्यात जवळा घालावा; आधी घातला की तो मऊ पडतो. बांगड्याची करायची तर सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, काटे काढून कुस्करावा. तेलाचे काम नाही. जवळा सालासकट पोटात जातो, म्हणून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की नारळी पौर्णिमेपर्यंत गरिबाच्या पेजेला आधार आगोटीला भरून ठेवलेल्या या सुक्या मासळीचाच.

या कोशिंबिरीतले कोकम सह्याद्रीचे. मिरची मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आलेली. पण खरी कथा आहे ती मिठाची.

लहानपणी माझ्या हातून मिठाचे भांडे कलंडले. आजी ओरडली, "वेच ते! नाहीतर पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावे लागेल." शेजारी दुधाचा तांब्या सांडला होता, त्याविषयी ती चकार शब्द बोलली नाही. दुधापेक्षा मिठाचा एवढा मान का, हे मला तेव्हा कळेना.

जवळा आणि बोंबील नुसत्या उन्हात वाळतात. बांगडा तेलकट, त्याला मीठ चोळल्यावाचून तो टिकत नाही. उन्हावर कोणत्याही सरकारला कर बसवता आला नाही, मिठावर आला. मुंबई इलाख्यात मणाला आठ आण्यांचा कर एक रुपया करण्याचा घाट १८४४ साली घातला गेला, तेव्हा सुरतेचे लोक खवळून रस्त्यावर आले आणि सरकारला थोडी माघार घ्यावी लागली. पुढे कर कमीजास्त होत राहिला. १८८२ साली तो मणाला दोन रुपये आणि १८८८ साली अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे सदतीस किलो. मीठ समोर मिठागरात चमकत होते. पण ते उचलणे गुन्हा होता.

गोव्यालाही यातून सुटका नव्हती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्यातल्या मीठ-उत्पादनाचा ताबा इंग्रजांकडे गेला. अनेक मिठागरे ओस पडली. १८९२ साली करार संपला, तोवर बारा-चौदा वर्षांत मीठकऱ्यांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

मासळीची दुर्दशा सरकारच्याच माणसाने सरकारच्या नजरेस आणली. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८७३ च्या आपल्या अहवालात, जबर करामुळे मासळी खारवण्याच्या धंद्याला बसणारी झळ मांडली. पुढे मद्रास इलाख्यात, तसेच रत्नागिरी आणि कारवारच्या किनाऱ्यावर मासळी खारवण्याची सरकारी आवारे निघाली. तिथे स्वस्त मीठ मिळे. परंतु मासळी त्या आवारातच, पहारेकऱ्याच्या देखत खारवावी लागे. आपल्या दारातल्या समुद्राचे मीठ आपल्याच मासळीला लावायचे, आणि तेही शिपायाच्या साक्षीने!

मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. गावातली मोठी माणसे पदरात, धोतराच्या सोग्यात मीठ बांधून आणायला निघाली आणि लाठ्या खाऊन परतली, एवढेच तिला आठवे. पुढच्या वर्षी गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या लोकांना घरापुरते आणि गावात विकण्यापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. कर सर्वस्वी उठला तो १९४७ साली.

आज मीठ स्वस्त आहे, आणि डॉक्टर ते कमी खा म्हणतात. खारा बांगडा मीही धुऊन घेतो आणि किसमुरीत वरून मीठ घालत नाही. आजीही घालत नसे. "मासळीत आहे तेवढे पुरे," ती म्हणायची. मी तिला काटकसरी समजत असे. ती चिमूट राखून ठेवण्याची सवय तिने कुठल्या दिवसांत उचलली होती, हे कळायला मला इतिहासाचा मास्तर व्हावे लागले. आणि तोवर ते तिला सांगायला ती उरली नव्हती.