नांदेड व लातूर शहरांतील वाहतूकविषयक विषमता

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन महानगरपालिका क्षेत्रांत शिक्षण, रोजगार व आरोग्यसेवेपर्यंत पोहोचण्याची साधने सर्व समाजघटकांना सारखी उपलब्ध नाहीत. या स्थितीला वाहतूकविषयक विषमता म्हणतात. स्वतःचे वाहन नसलेले विद्यार्थी, स्त्रिया, वृद्ध, अपंग व्यक्ती आणि रोजंदारीवरील कामगार यांना तिची झळ अधिक बसते.

== संकल्पना ==
प्रवासाच्या अभावी सार्वजनिक जीवनातून दूर राहावे लागणे हा सामाजिक वगळणुकीचा एक प्रकार मानला जातो. जातपंचायतीने घातलेल्या सामाजिक बहिष्काराहून तो वेगळा आहे. येथे कोणी मज्जाव करत नाही. अंतर, भाडे, वेळ आणि असुरक्षितता याच अडसर ठरतात. ब्रिटनमधील सोशल एक्स्क्लूजन युनिटच्या २००३ मधील अहवालामुळे हा विषय धोरणचर्चेत ठळकपणे आला. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले.

== नांदेड ==
नांदेड-वाघाळा महानगरपालिकेची स्थापना १९९७ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. गोदावरी नदीमुळे शहराचे दोन भाग पडतात. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक व जुनी बाजारपेठ उत्तर तीरावर, तर सिडको, हडको व वाघाळा दक्षिणेस आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरी येथे, शहराच्या मध्यभागापासून दूर आहेत. त्यामुळे शासकीय रुग्णालयातील उपचार अल्पखर्चाचे असले, तरी तेथवर जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा गरीब रुग्णाच्या व नातेवाइकांच्या खर्चाचा भाग ठरतो. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या काळात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरात रस्त्यांची मोठी कामे झाली.

== लातूर ==
लातूर महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली; त्या वर्षीच्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३.८ लाख होती. ‘लातूर पॅटर्न’मुळे शहरात बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. वसतिगृहाचा किंवा खोलीचा खर्च न पेलणारे विद्यार्थी दररोज खेड्यातून ये-जा करतात. अखेरची एसटी चुकू नये म्हणून त्यांना संध्याकाळचे वर्ग किंवा अभ्यासिका सोडावी लागते. महानगरपालिकेने शहर बसमधून महिलांना मोफत प्रवासाची सवलत दिली होती.

२०१५ च्या दुष्काळात एसटी पाससाठी पैसे नसल्याने लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने आत्महत्या केली. त्यानंतर राज्य शासनाने दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांसाठी मोफत पासची घोषणा केली.

== सवलती व मर्यादा ==
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रमुख सवलती पुढीलप्रमाणे आहेत:
* विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत;
* ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास;
* ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास (ऑगस्ट २०२२ पासून);
* महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत (मार्च २०२३ पासून).

या सवलती एसटीच्या तिकिटाशी जोडलेल्या आहेत. बसस्थानकावर उतरल्यानंतरचा प्रवास मुख्यतः ऑटोरिक्षाने होतो आणि तेथे पूर्ण भाडे द्यावे लागते. सामायिक रिक्षा गर्दीच्या मार्गांवर सहज मिळतात. कडेच्या वसाहतींत व रात्री त्या विरळ होतात. बसच न धावल्यास सवलतही निरुपयोगी ठरते. २०२१-२२ मधील एसटी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात खासगी वाहनाचे भाडे न परवडणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना याचा अनुभव आला.

== कायदे व योजना ==
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बसस्थानके व वाहने अपंगांना वापरता येण्याजोगी असणे अपेक्षित आहे. केंद्र शासनाची पीएम ई-बस सेवा योजना (२०२३) ही ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही शहरे या लोकसंख्या-मर्यादेत बसतात. अशा योजनेचा वंचित घटकांना होणारा लाभ बसच्या संख्येइतकाच मार्ग, फेऱ्यांच्या वेळा आणि एसटीशी असलेल्या जोडणीवर अवलंबून असतो.