मनीऑर्डरपासून क्यूआर कोडपर्यंत: विकणाराच कसा फसायला लागला?

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या आत्यानं घर आवरायला काढलं आणि जुनं शिलाई मशीन विकायचं ठरवलं. पायाचं, चालू स्थितीतलं. किंमत सांगितली ४,५०० रुपये. भाच्यानं फोटो काढून ऑनलाइन जाहिरात टाकून दिली. पंधरा मिनिटांत फोन. पलीकडचा हिंदीत बोलणारा, अत्यंत नम्र. "मॅडम, मैं फौज में हूँ, पोस्टिंग आयी है, घरवाली के लिए मशीन चाहिए." घासाघीस शून्य. ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला. गाडी पाठवून मशीन नेतो म्हणाला, पैसे आत्ताच देतो म्हणाला.

आता साताऱ्यात फौजी म्हटलं की काय होतं हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. आत्याच्या स्वतःच्या माहेरी दोन घरं सोडून एक माणूस सैन्यात. तिनं शंका घेतली असती तर तिलाच अपराधी वाटलं असतं.

आधी ५ रुपये आले. खरेच आले. मग एक क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." तिनं केलं. ४,५०० गेले. "अरे, उलटं झालं मॅडम, आता ९,००० चा पाठवतो, म्हणजे तुमचे पण परत येतील." तेही गेले. तिसऱ्यांदा अजून ४,५००. एकूण १८,००० रुपये, आणि मशीन अजून खोलीतच.

आत्या बावळट नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिनं. म्हणून मला "लोक लोभी असतात म्हणून फसतात" हे वाक्य ऐकलं की चीड येते. इथे लोभ कुठे होता? स्वतःच्या वस्तूचे, स्वतः सांगितलेले पैसे मागत होती ती. म्हटलं, हे नेमकं घडतं कसं ते जरा मागे जाऊन बघू.

जुन्या वस्तूंच्या बाजारात फसवला जायचा तो घेणारा. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. तिथे जाणाऱ्याला घरचे काय सांगून पाठवायचे? रेडिओ लावून बघ, घड्याळ कानाला लाव, माल चोरीचा नाही ना बघ. विकणाऱ्याला कोणी सल्ला देत नसे, कारण त्याला गरजच नव्हती. नोटा हातात, मोजल्या, वस्तू दिली, संपलं. पेपरातल्या छोट्या जाहिरातींचं तसंच. माणूस घरी यायचा, चहा प्यायचा, सोफ्यावर बसून बघायचा, शंभर-दोनशे कमी करून घ्यायचा आणि रोख देऊन टेम्पो बोलवायचा.

लांबच्या व्यवहारातही तेच. टपाल खात्यानं १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली. पुस्तकं, औषधं, घड्याळं व्हीपीनं मागवायची आणि पोस्टमनला दारात पैसे देऊन मग पुडकं फोडायचं. पुडक्यात घड्याळाऐवजी विटेचा तुकडा निघाल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांच्या पिढीनं चवीनं सांगितल्यात. त्यातही विकणारा सुरक्षित होता, कारण वस्तू आणि पैसे यांच्यामध्ये सरकारी माणूस उभा होता आणि त्यानं पैसे वसूल केल्याशिवाय पुडकं हातात दिलं नव्हतं.

आणि मग मनीऑर्डर. १८८० मध्ये हे काम टपाल खात्याकडे आलं, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईच्या गिरण्यांमधला पगार कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांपर्यंत याच वाटेनं गेला. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' उगीच म्हणत नाहीत. पण मला इथे वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. मनीऑर्डर आली की पोस्टमन काय म्हणायचा? "आजी, इथं सही करा." सही येत नसेल तर अंगठा. सही कोण करायचं? पैसे *घेणारा*. पेन्शन घ्यायला गेलात तरी सही घेणाऱ्याची. बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर सही केली की नोटा हातात. पुढे एटीएम आलं, चार आकडी पिन टाकला की यंत्रातून नोटा बाहेर. रेशनच्या दुकानात अंगठा लावला की धान्य.

म्हणजे चार पिढ्यांच्या हाताला सवय काय लागली? आपली खूण दिली की आपल्याला काहीतरी *मिळतं*.

यूपीआयनं हे उलटं केलं, आणि उलटं केलंय हे कोणी नीट सांगितलंच नाही. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयचं उद्घाटन झालं. ऑगस्टअखेर बँकांची अ‍ॅप आली. ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि ३० डिसेंबरला भीम. जे शिकायला एक पिढी लागली असती ते देशाला रांगेत उभं राहून आठ आठवड्यांत शिकावं लागलं. भाजीवाल्यापासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे शिकले, त्याचं कौतुक आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला एक हजार कोटींच्या वर गेले. ही छोटी गोष्ट नाही. पण "पैसे आत येताना पिन कधीच लागत नाही, पिन म्हणजे पैसे बाहेर" हे एक वाक्य जितक्या मोठ्यानं सांगायला हवं होतं तितकं सांगितलं गेलं नाही.

क्यूआर कोडचंही तसंच. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो बनवला तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. आपल्याकडे तो चहाच्या टपरीवर आला. टपरीवर बघा काय होतं. ज्याला पैसे हवेत त्याचा कोड भिंतीवर, आणि स्कॅन करतो तो देणारा. आपण दिवसातून दहा वेळा देणारे म्हणून स्कॅन करतो. आणि वर्षातून एकदा मशीन विकायला काढतो तेव्हा आपण टपरीवाले झालेलो असतो, पण हात सवयीनं गिऱ्हाईकासारखा स्कॅन करायला पुढे जातो. भामट्याचा सगळा धंदा या एका क्षणावर चालतो.

कोडच्या जोडीला आणखी एक हत्यार होतं. 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे समोरच्यानं तुमच्याकडे पैसे मागायचे आणि तुम्ही पिन टाकून मंजूर करायचे. कल्पना चांगली होती, मित्रांत बिल वाटून घ्यायला वगैरे. पण मागणीबरोबर चार शब्द लिहायची सोय होती. भामटे तिथे लिहायचे, "तुम्हाला १५,००० मिळतील, मंजूर करा." घाईत माणूस तेवढंच वाचतो. हा प्रकार इतका बोकाळला की एनपीसीआयनं आधी अशा मागणीवर २,००० रुपयांची मर्यादा घातली आणि शेवटी व्यक्तीकडून व्यक्तीकडे अशी मागणी करायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच करायला सांगितली. निर्णय बरोबर. पण साडेनऊ वर्षांनी!

आता हे करणारे कोण? जामताडाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, वेबसिरीज आली. पण 'फौजी गिऱ्हाईक' हा प्रकार पोलिसांच्या तपासात वारंवार गेला तो मेवातकडे. हरियाणाचा नूह, राजस्थानचं भरतपूर-अलवर, उत्तर प्रदेशातलं मथुरा, अशी तीन राज्यांच्या सीमेवरची पट्टी. तिकडे एक जुना शब्द आहे, 'टटलू'. स्वस्तात सोन्याची वीट देतो म्हणून लांबच्या माणसाला बोलवायचं आणि पितळेची वीट गळ्यात मारायची, नाहीतर सरळ लुटायचं. आपल्याकडेही गुप्तधन आणि पैशाचा पाऊस यांचे किस्से आहेत, त्याच जातीचं. फोन आल्यावर टटलूचं काम सोपं झालं. गिऱ्हाईक बोलवायला नको, विटेला पितळ नको, मार खायची भीती नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये हरियाणा पोलिसांनी नूहमधल्या १४ गावांवर एकाच रात्री हजारो पोलीस घालून छापे टाकले. पण म्हणून सगळी मेवाती माणसं चोर, असं कोणी कॉमेंटमध्ये लिहू नये, डिलीट करीन. शिक्षण नाही, काम नाही आणि हातात स्वस्त फोन, हा मसाला कुठल्याही जिल्ह्यात हाच पदार्थ बनवेल.

गणवेशच का, याचंही उत्तर सोपं आहे. फौजी म्हटलं की एकतर विश्वास बसतो, आणि दुसरं म्हणजे सगळ्या विचित्र गोष्टींना आपोआप कारण मिळतं. भेटायला का येत नाही? छावणीतून सुट्टी नाही. रोख का देत नाही? फौजेची पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे. व्हिडिओ कॉल का नको? सुरक्षेचं कारण. माणूस आदरापोटी पुढचा प्रश्न विचारत नाही. ओळखपत्र बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या जवानाचंच असतं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

आता मुद्द्याचं. आत्या बँकेत गेली. काउंटरवरच्या माणसानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना?" बस. विषय संपला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देतं ते त्यानं न केलेल्या, अनधिकृत व्यवहारासाठी. बँकेची चूक असेल तर, किंवा त्रयस्थाची चूक असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर, ग्राहकावर बोजा नाही. पण फसवून का होईना, पिन तुम्ही स्वतः टाकलात तर तो व्यवहार कागदावर तुमचाच.

इथे मला पेढीवरची हुंडी आठवते. 'शहाजोग' हा शब्द आज आपण टोमणा म्हणून वापरतो, साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला. पण हुंडीच्या व्यवहारात शहाजोग हुंडी म्हणजे बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच द्यायची हुंडी. कोणीही उपटसुंभ ती घेऊन आला तर पैसे मिळत नसत. आणि हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शहानं पैसे उचलले त्याला ते परत करावे लागत. म्हणजे आपल्या बाजारानं कधीच ठरवून ठेवलं होतं की जबाबदारी फक्त देणाऱ्याची नाही. पैसे ज्याच्या हातात पोचले तोही बांधील.

आत्याचे १८,००० कुठे गेले? कुणाच्या तरी खात्यात. ते खातं कोणत्यातरी बँकेनंच उघडलं होतं, केवायसी करून. बहुतेक अशी खाती भाड्याची असतात, गरीब माणसाला दोन-चार हजार देऊन त्याच्या नावावर काढलेली. त्या बँकेला कोणी विचारलं का, की हा तुमचा शहा कोण? ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे. फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला भरून द्यायचे, आणि तो भार पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही संस्थांनी निम्मा-निम्मा उचलायचा. त्यालाही अपवाद आहेत, तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पण स्वतःच्या खिशातून जायला लागलं की भाड्याची खाती शोधायची इच्छा बँकांना आपोआप होते, एवढं कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

आपल्याकडे जे आहे ते १९३० हा नंबर आणि सायबरक्राइमचं सरकारी पोर्टल. याला नावं ठेवू नका, उपयोग होतो, फक्त वेळेत. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात उडायच्या आत फोन गेला तर ते गोठवता येतात. आत्यानं फोन केला तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस तिनं कोणाला सांगितलंच नाही. "मास्तरीण असून फसले" याची लाज. या दोन दिवसांवरच भामटे जगतात. म्हणून घरात कोणी असं सांगायला आलं तर पहिलं वाक्य "तुला कळत कसं नाही?" हे नको, आधी नंबर लावा, मग काय ते बोला.

कलेक्ट बंद झालं म्हणून मोकळे झालो असंही नाही. आता खोटे स्क्रीनशॉट आहेत, हिरवी टिक आणि टिंग आवाज करणारी बनावट अ‍ॅप आहेत, बँकेच्या नावासारख्या दिसणाऱ्या नंबरवरून "जमा झाले" असे मेसेज आहेत. नाहीतर "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" अशी रडारड आहे. टपरीवाले यातून कधीच शहाणे झाले, म्हणून तर त्यांच्याकडे पैसे आल्याचं मोठ्यानं बोलणारा डबा असतो. घरी विकायला बसलेल्या माणसाकडे डबा नाही. त्यानं स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघायची, गिऱ्हाईक दारात असतानाच. कोड त्याला आपला दाखवायचा, त्याचा स्कॅन करायचा नाही.

मशीन शेवटी गेलं. गल्लीतल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नेलं, ३,८०० रुपयांना, तीन हप्त्यांत, रोख. आत्यानं प्रत्येक हप्त्याला त्यांची सही घेतली. मी विचारलं, सही तर तू करायला हवीस, पैसे तर तू घेतेस. म्हणाली, "आता मी कशावरच सही करत नाही."